मुक्काम इथं, पत्ता तिथं

आपल्या सीमाभागात अनोळखी माणसाची ओळख आधी गावावरून होते, नाव मागाहून येतं. बसमध्ये शेजारी बसलेली आजी पहिल्यांदा विचारते, "कुठलं गाव म्हणायचं बाळ?" समोरचा कन्नड बोलणारा वाटला तर तीच आजी सहज "यावूर्री निम्दु?" असं विचारून मोकळी होते. आडनाव, नोकरी, लेकरंबाळं हे सगळं त्यानंतर. गाव कळलं की उरलेलं आपोआप कळतं, असा आपल्याकडचा जुना हिशेब. "कुठं राहता?" या साध्या प्रश्नाला खोटं उत्तर द्यावं, हे आपल्या आजी-आजोबांच्या मनातही आलं नसतं. आता मात्र शाळाप्रवेशाचे दिवस आले की या प्रश्नाची दोन उत्तरं घरोघरी तयार होतात. एक पाहुण्यांना सांगायचं आणि एक अर्जात लिहायचं.

गेल्या हिवाळ्यात कॉलेजला सुट्टी असताना या दोन उत्तरांच्या मधल्या रस्त्यानं मी एक दिवसाचा प्रवास केला. बेळगावहून निपाणी, तिथून आडवाटेचं एक खेडं, मग कोथळी आणि शेवटी दूधगंगा ओलांडून कागल. माझं आजोळ कागल तालुक्यातलं. त्यामुळं हा रस्ता लहानपणापासून पायाखालचा. पण या वेळी माझ्याकडं एक काम होतं.

माझी एक मावसबहीण बेळगावात असते. नवरा-बायको दोघंही नोकरीला, स्वतःचा फ्लॅट, एकुलता एक मुलगा दुसरीत. त्याला सहावीत नवोदय विद्यालयात घालायचं असं दोघांच्या मनानं घेतलेलं. त्यासाठी तिसरीपासून मुलाचं नाव निपाणीकडच्या एका खेड्यातल्या सरकारी मराठी शाळेत घालायचं. तिथले मुख्याध्यापक माझ्या एका जुन्या विद्यार्थिनीचे यजमान. "तुझ्या एका शब्दानं काम होईल, अक्का," ती म्हणाली. "मुलगा इथंच राहील गं, आमच्याजवळ. इथंच क्लासला जाईल. फक्त नाव तिथं."

"शाळा बघून येते, मग सांगते," असं म्हणून मी निघाले.

मध्यवर्ती बसस्थानकावर निपाणीची बस लागलेली होती. कर्नाटकात ११ जून २०२३ पासून बायकांना साध्या बसचा प्रवास मोफत झाला, तेव्हापासून आम्हा बायकांच्या पर्समध्ये आधार कार्ड कायम वर असतं. कंडक्टर कार्डावरचा पत्ता बघतो आणि शून्य रुपयांचं तिकीट हातात देतो. माझ्या बाकावर संकेश्वरला निघालेल्या दोघी होत्या, विहिणी-विहिणी. एक हुक्केरीकडची आणि दुसरी गडहिंग्लजची. पहिलीला शून्याचं तिकीट मिळालं, दुसरीला पूर्ण पैसे द्यावे लागले. "आमच्याकडं या, तुम्हाला अर्ध्या तिकिटात फिरवते," गडहिंग्लजच्या बाई हसून म्हणाल्या. महाराष्ट्रात मार्च २०२३ पासून एसटीत बायकांना अर्धं तिकीट आहे, तेही राज्याच्या हद्दीपुरतं. बोली एक, साडीची नेसण एक, दोघींचा नातू एक. पण पत्ता दोन राज्यांतला म्हणून तिकिटाचा दर वेगळा. पत्त्याला आपल्याकडं किती किंमत आली आहे, हे त्या बाकावर बसून नीट कळलं.

काकती, हत्तरगी, संकेश्वर मागं टाकून बस तवंदीच्या घाटाला लागली. घाट उतरला की निपाणी. पूर्वी मुंबई राज्यात असलेला हा भाग १ नोव्हेंबर १९५६ ला तेव्हाच्या म्हैसूर राज्यात गेला. पुढं महाजन आयोगानं १९६७ च्या अहवालात निपाणीसह २६४ गावं महाराष्ट्राला द्यावीत आणि बेळगाव म्हैसूरकडंच राहावं, असं सुचवलं. ते महाराष्ट्राला मान्य झालं नाही. २००४ पासून हा वाद सर्वोच्च न्यायालयात आहे. महाराष्ट्राचा दावा ८६५ गावांवर आहे आणि त्या दाव्यापोटी महाराष्ट्रातल्या इंजिनिअरिंगच्या प्रवेशात वादग्रस्त सीमाभागातल्या मराठी मातृभाषेच्या विद्यार्थ्यांसाठी वेगळी तरतूदही आहे. म्हणजे निपाणीचं पोर दहावीपर्यंत कर्नाटकाचं आणि इंजिनिअरिंगच्या वेळी थोडंसं महाराष्ट्राचं. त्यासाठी मातृभाषेचा दाखला लागतो. ज्या घरात आई कन्नड बोलते, वडील मराठी बोलतात आणि पोरं दोन्हींची भेळ करून बोलतात, त्या घरानं काय लिहायचं? अशी घरं आपल्या वाचकांत शेकड्यांनी असतील.

हे सगळं सांगायचं कारण असं, की आपल्या भागात पत्त्याविषयी माणसं जरा सैल झाली आहेत, त्याला इतिहास आहे. आपण कुठल्या राज्यात राहायचं हे आपल्याला न विचारता ठरलं. शेत नदीपलीकडं, घर अलीकडं, लेक तिकडं दिलेली, सून इकडची. एका कार्यालयात आपण इथले, दुसऱ्या कार्यालयात तिथले. अशा ठिकाणी माणसाला वाटू लागतं, की गाव आपलं आणि कागद सरकारचा. कागदावर काहीही लिहिलं तरी आपलं गाव बदलत नाही. माझ्या मावसबहिणीच्या "फक्त नाव तिथं" या तीन शब्दांमागं ही सत्तर वर्षांची सवय आहे. म्हणून तिला एकदम खोटारडी ठरवायला माझी जीभ रेटत नाही.

पण आधी नवोदयचा नियम काय आहे ते पाहू. १९८६ च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातून ही योजना वाढली. पहिली दोन विद्यालयं १९८५-८६ मध्ये हरियाणातल्या झज्जर आणि आपल्या शेजारच्या महाराष्ट्रातल्या अमरावती इथं निघाली. खेड्यातल्या हुशार मुलाला घरच्या गरिबीमुळं चांगलं शिक्षण हुकू नये, हा हेतू. राहणं, जेवण, कपडे, पुस्तकं सगळं सरकारचं. एका विद्यालयात सहावीला जास्तीत जास्त ८० मुलं घेतात. त्यातल्या किमान ७५ टक्के, म्हणजे ६० जागा, त्या जिल्ह्यातल्या ग्रामीण मुलांच्या. ग्रामीण कोण? तर ज्यानं तिसरी, चौथी आणि पाचवी ही तिन्ही वर्षं पूर्ण वेळ ग्रामीण भागातल्या शाळेत काढली तो. त्या तीन वर्षांत शहरातल्या शाळेत थोडे दिवस काढले तरी मूल शहरी धरलं जातं. परीक्षा एकदाच देता येते. दोन तासांत ८० प्रश्न. त्यातले निम्मे बुद्धिमापनाचे, उरलेले गणिताचे आणि भाषेचे.

आपल्या बेळगाव जिल्ह्याचं नवोदय कोथळीला आणि कोल्हापूर जिल्ह्याचं कागलला. निपाणीच्या दोन बाजूंना दोन. पण मूल ज्या जिल्ह्यात राहतं आणि पाचवीत शिकतं, त्याच जिल्ह्याच्या विद्यालयात त्याला जाता येतं. नियम कडक झाला की पळवाटही तितकीच पक्की होते. शहरातलं पोर दिवसभर शहरातल्या क्लासमध्ये बुद्धिमापनाची कोडी सोडवत बसतं आणि त्याच वेळी पन्नास-साठ किलोमीटरवरच्या खेड्यातल्या हजेरीपटावर ते "हजर" असतं.

निपाणीच्या स्टँडवर उतरून मी वडाप धरलं आणि त्या खेड्यात पोचले. गावाचं नाव सांगत नाही. अशी गावं बरीच आहेत. कौलारू शाळा, पुढं कडुनिंब, भिंतीवर दोन्ही भाषांतल्या सूचना. शाळेची शिस्त वाखाणण्यासारखी. पाच वर्ग आणि शिक्षक दोन. गुरुजींनी चहा मागवला आणि मुद्द्यालाच हात घातला.

"मॅडम, तुमच्या बहिणीची विचारणा पहिली नव्हे. आणखी दोघं येऊन गेलेत. एक निपाणीचा, एक चिकोडीचा. मी अजून कुणाला हो म्हटलं नाही. पण माझी अडचण ऐका. माझ्या पटावर ५८ पोरं. शिक्षण हक्क कायद्याच्या हिशेबानं पहिली ते पाचवीला साठपर्यंत दोन शिक्षक, एकसष्ट झाली की तिसरा. ही तीन नावं घेतली की बरोबर एकसष्ट होतात बघा. मराठी शाळेला शिक्षक मिळणं किती अवघड झालंय, तुम्हाला सांगायला नको. आता तुम्हीच सांगा, तीन पोरं कागदावर आली आणि त्यांच्यामुळं खरोखरच्या अठ्ठावन्न पोरांना एक गुरुजी मिळाला, तर हे पाप म्हणायचं का पुण्य?"

या प्रश्नाला माझ्याकडं चटकन उत्तर नव्हतं. खोटं बोलणाऱ्या माणसाला स्वतःचा फायदा हवा असतो, असं आपण धरून चालतो. इथं गुरुजींना स्वतःसाठी काही नको होतं.

"आणि त्या तिघांची हजेरी?" मी विचारलं.

"रोज मांडायची. दुपारचं जेवण, दूध, अंडं का केळं, सगळ्याचा हिशेब त्यांच्या नावानं लिहायचा. ऑनलाइन पटावर नाव चढलं की ते रोजचं काम झालं." जरा थांबून ते म्हणाले, "कागदावरच्या पोरानं अंडंसुद्धा कागदावरच खायचं."

पलीकडं महाराष्ट्रात ३ ते ५ ऑक्टोबर २०११ या तीन दिवसांत राज्यभर पटपडताळणी झाली होती. एकच मूल दोन शाळांत मोजलं जाऊ नये म्हणून मुलांच्या बोटाला मतदानासारखी शाई लावली होती. त्या मोहिमेत कागदावरची मुलं मोठ्या संख्येनं सापडली आणि त्यातून पुढं कोर्टकचेऱ्या झाल्या. ती आठवण मी काढली. गुरुजी म्हणाले, "शाईची भीती नाही मॅडम. भीती ह्या पोरांची वाटते," आणि त्यांनी चौथीच्या रांगेकडं बोट केलं.

त्या रांगेत एक मुलगी होती. निपाणीच्या परिसरात घरोघरी बायका विड्या वळतात. मजुरी हजार विड्यांवर मिळते. या मुलीची आईही विड्या वळते. आईच्या हजारातल्या किती विड्या कारखान्याच्या माणसानं बाद केल्या, बाकी किती राहिल्या, पानाची उचल किती वजा झाली आणि हातात किती पडायला हवेत, हा हिशेब ही मुलगी तोंडी करते. गुरुजींनी तिला दोन-तीन उदाहरणं घातली. मी कागदावर मांडेपर्यंत तिचं उत्तर तयार होतं. तिनं नवोदयच्या परीक्षेला बसावं, अशी गुरुजींची इच्छा आहे. शाळा सुटल्यावर ते तिच्यासह सहा जणांना तासभर शिकवतात. दोन वर्गांना एका वेळी शिकवून घसा बसल्यानंतरचा तो तास.

"हिचा नंबर लागेल?"

"साठात आली तर लागेल. एकसष्टावी आली तर नाही लागणार."

त्या क्षणी मला दोन्ही एकसष्ट एकत्र दिसले. पटावर एकसष्ट आकडा झाला तर शाळेला शिक्षक मिळतो आणि निवडयादीत एकसष्टावा नंबर आला तर मूल घरी राहतं. तीन कागदी मुलांमुळं शाळेला तिसरा शिक्षक मिळेलही, पण तीच तीन मुलं, शहरातल्या क्लासची दोन-तीन वर्षांची तयारी घेऊन, पाचवीत ग्रामीण म्हणून परीक्षेला बसतील. त्यांची चढाओढ बेळगावातल्या डॉक्टर-वकिलांच्या मुलांशी होणार नाही. ती होईल खानापूरच्या जंगलातल्या वाडीवरच्या, अथणीच्या कोरडवाहू गावातल्या आणि विड्या मोजणाऱ्या या मुलीशी.

पालकांशी बोलताना नेहमी तीन वाक्यं ऐकू येतात. पहिलं, "सगळेच करतात." हे खरं मानलं तर मग ग्रामीण जागा उरल्याच कुठं? सगळ्यांनी केलं की त्या साठ जागा शहराच्याच झाल्या, नुसतं नाव ग्रामीण राहिलं. दुसरं, "आम्ही कुणाच्या घरचं घेत नाही, सरकारचं घेतो." सरकारनं ती जागा कुणासाठी तरी राखून ठेवली आहे. आपण घेतली की ती दुसऱ्या कुणाकडून गेली. तो दुसरा आपल्याला दिसत नाही, त्याचं गाव आपल्याला माहीत नसतं, एवढंच. रेशनच्या दुकानात आपल्या पुढची बाई रिकाम्या हातानं परत गेली तर आपल्याला वाईट वाटतं, कारण ती दिसते. निवडयादीत एकसष्टावं नाव छापलेलंच नसतं.

तिसरं वाक्य सगळ्यांत अवघड. "लेकरासाठी केलं." आपल्याकडं आईनं लेकरासाठी सांगितलेल्या खोट्याला खोटं म्हणत नाहीत, माया म्हणतात. मीही आई आहे, मला ते समजतं. पण नवोदयच्या अर्जाबरोबर काय काय लागतं ते बघा. मुख्याध्यापकांच्या सहीचा दाखला, पालकांची सही आणि खुद्द मुलाचीही सही. नऊ-दहा वर्षांचं ते पोर, वेड्यावाकड्या अक्षरांत पहिल्यांदाच कुठल्या सरकारी कागदावर स्वतःचं नाव लिहितं, ते या कागदावर. त्याआधी घरात त्याची तालीम झालेली असते. "कुठल्या गावात राहतोस?" "शाळेत शिक्षक कोण?" "शाळेसमोर कसलं झाड आहे?" पोर हुशार असतं, त्याचं पाठ होतं. त्याच्या बुद्धीचा पहिला मोठा उपयोग आपण या कामाला करून घेतो. लेकराच्या नावानं खोटं बोलणं वेगळं आणि लेकराकडून खोटं बोलवून घेणं वेगळं. इथं दुसरं घडतं.

एक गोष्ट मात्र प्रामाणिकपणे मान्य करायला हवी. हा नियम गरिबी मोजत नाही, पत्ता मोजतो. खेड्यातला वीस एकर उसाचा मालक, त्याचं मूल गावातल्या शाळेत असलं की ग्रामीण. बेळगावातल्या झोपडपट्टीत पत्र्याच्या खोलीत राहणाऱ्या धुणं-भांडीवाल्या बाईचं मूल मात्र शहरी. पत्त्याच्या नियमांचं हे नेहमीचंच दुखणं. शिक्षण हक्क कायद्यातल्या खासगी शाळांच्या २५ टक्के जागांचंही तसंच. कर्नाटकातल्या शहरांत पूर्वी वॉर्डाचा पत्ता लागायचा, म्हणून स्टँप पेपरवर भाड्याचे करार व्हायचे. २०१९ पासून जवळ सरकारी वा अनुदानित शाळा असेल तर खासगी शाळेतली ती जागा मिळत नाही, असा नियम आला आणि बहुतेक गरीब पालकांच्या दृष्टीनं तो दरवाजाच बंद झाला. महाराष्ट्रानं फेब्रुवारी २०२४ मध्ये तसाच बदल केला, तो मुंबई उच्च न्यायालयानं जुलै २०२४ मध्ये रद्द ठरवला. तिकडं आता पुन्हा घरापासून शाळा एक किलोमीटरच्या आत का तीनच्या आत, हा प्रश्न महत्त्वाचा. अशा वेळी पत्र्याच्या खोलीतली ती बाई मालकिणीचा पत्ता लिहिते, तेव्हा तिला आणि दोन पगारांच्या घराला एकाच तागडीत तोलणं मला जमणार नाही. तिच्यापुढं दुसरी वाटच नाही. माझ्या मावसबहिणीपुढं चार वाटा आहेत, त्यात तिला पाचवी हवी आहे.

दुपारी कोथळीला गेले. परवानगी काढलेली नव्हती, म्हणून नवोदयच्या फाटकाबाहेरूनच पाहिलं. आत मैदानावर मुलं खेळत होती. लांबून सगळी सारखीच दिसत होती आणि कोण खेड्यातलं, कोण कागदावरून खेड्यातलं झालेलं, हे ओळखणं शक्यच नव्हतं. ओळखावंसंही वाटलं नाही. आत गेलेल्या मुलाचा त्यात काही दोष नाही.

संध्याकाळी कोगनोळीचा टोलनाका गेला, दूधगंगेचा पूल लागला आणि महाराष्ट्र आला. पुलाच्या दोन्ही बाजूंना ऊस तोच आणि पाणीही तेच. कागलजवळच्या आमच्या मामांच्या घरी एक नऊ वर्षांची नात आहे. तिचे आईबाप निपाणीत राहतात. धाकटा भाऊ झाला तेव्हापासून, म्हणजे गेली चार वर्षं, ती आजी-आजोबांकडं आहे. तिची शाळा इथं, मैत्रिणी इथं, ताप आला तर रात्रभर उशाशी बसणारी आजी इथं. सुट्टीत निपाणीला गेली की चार दिवसांत "मला आमच्या घरी जायचंय" म्हणते. आपल्या भागात अशी दोन घरांची, दोन राज्यांची मुलं पुष्कळ. कागदाच्या नियमात ती कुठं बसते ते कचेरी ठरवील, पण तिच्या बाबतीत कुणी खोटं बोलत नाही. "कुठं राहतेस?" असं विचारलं तर तिला पाठांतर करावं लागत नाही. दोन ठिकाणी असणं आणि नुसतं नाव दुसरीकडं असणं यांत गल्लत करू नये, एवढं त्या पोरीकडं बघून पटलं. मूल रात्री कुठं झोपतं आणि सकाळी कुठल्या शाळेची घंटा ऐकतं, हे विचारलं की बहुतेक गुंता सुटतो.

रात्री जेवणं झाल्यावर मामांकडं शाहू महाराजांचा विषय निघाला. कागलात तो निघतोच, कारण महाराज मूळचे कागलच्या घाटगे घराण्यातले, १८८४ मध्ये कोल्हापूरच्या गादीवर दत्तक गेलेले. १९१७ मध्ये त्यांनी प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचं केलं, हे आपण शाळेत शिकतो. मामांना त्याआधीची गोष्ट जास्त मोलाची वाटते. १९०१ पासून महाराजांनी कोल्हापुरात वेगवेगळ्या समाजांच्या मुलांसाठी वसतिगृहं उभी करायला मदत केली. त्यांत जैन आणि लिंगायत बोर्डिंगही होतं. "खेड्यातल्या पोराला शिकायला शहरात राहायची जागाच नव्हती, ती महाराजांनी दिली. मग पत्ता कशाला खोटा सांगायला लागतोय?" मामा म्हणाले. नवोदयनंही मुळात तेच केलं आहे. खेड्यातल्या मुलाला सात वर्षांसाठी एक चांगला पत्ता दिला आहे. त्या पत्त्यासाठी आपण त्याचा गावचा पत्ता उसना घ्यावा, हे मला बरं दिसेना.

दुसऱ्या दिवशी बेळगावला परतून मी बहिणीला सांगितलं, की मी गुरुजींना शब्द टाकणार नाही. तिला दुसऱ्या वाटाही सांगितल्या. मुलगा हुशार आहे तर शहरातूनच परीक्षेला बसव, खुल्या जागा आहेत. विजापूरची सैनिक शाळा आहे. बेळगावातच बऱ्या शाळा आहेत. आणि खेड्याचीच हौस असेल तर तीन वर्षं खरोखर सासूबाईंकडं गावी ठेव, त्याला चार झाडं आणि दोन बोल्या जास्त कळतील. तिनं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "अक्का, तुझी मुलं मोठी झाली, म्हणून तुला तत्त्वं सुचतात." या बोलण्यात काहीच तथ्य नाही असं नाही. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला ती आली नाही. मी तिळगूळ घेऊन तिच्या घरी गेले. चहा मिळाला, बोलणं थोडंच झालं.

जूनमध्ये गुरुजींचा फोन आला. ती तिन्ही नावं त्यांनी घेतली नव्हती. पाचवीची मुलं गेली, पहिलीला कमी आली, पट ५४ वर आला. तिसरा शिक्षक अर्थातच नाही. "तुमचं ऐकलं म्हणून नव्हे, मलाच झोप लागंना झाली होती," असं ते म्हणाले. पण त्या खरेपणाची किंमत त्यांची शाळा मोजते आहे. मी नाही, माझी बहीणही नाही.

म्हणून वाटतं, अशा कामाला नकार देणाऱ्यांचं काम नकाराशी संपू नये. आपल्यातल्या कितीतरी घरांचं मूळ गाव अशाच एखाद्या खेड्यात आहे. तिथल्या शाळेच्या देखरेख समितीत आपला कुणीतरी भाऊबंद असतो. शिक्षकाची जागा रिकामी असेल तर गटशिक्षणाधिकाऱ्यांकडं अर्ज कानडीत लिहावा लागतो. आपल्याला दोन्ही भाषा येतात, तो आपण लिहून देऊ शकतो. शनिवारी सकाळी जाऊन चौथी-पाचवीच्या मुलांना बुद्धिमापनाची उदाहरणं समजावून सांगता येतात. शहरातल्या क्लासमध्ये याहून वेगळं काही शिकवत नाहीत. गावाचं नाव अर्जात लिहिण्यापेक्षा त्या गावाला एवढं दिलं तर ते गाव जास्त आपलं होईल.

विड्यांचा हिशेब करणारी ती मुलगी यंदा पाचवीत आहे. तिची परीक्षा व्हायची आहे.